साहेबांचा राजीनामा

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर प्रांत लिहिलाय ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. आमचा बुलढाणा तेव्हा त्यातच होता. याच प्रांतात रोह्याकडच्या चिंतामणराव देशमुखांनी आयसीएस अधिकारी म्हणून जवळजवळ वीस वर्षं काढली. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये नेहरूंचे अर्थमंत्री. इंग्रजांच्या चाकरीत मुरलेला माणूस वरच्यांच्या मर्जीबाहेर कशाला जाईल, असं मला वाटायचं. पण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. (फायलीत ‘असहमत’ लिहून गप्प बसता आलं असतं!) १ नोव्हेंबरला बुलढाणा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईही त्याच राज्यात राहिली. देशमुख तेव्हा मंत्री नव्हते.