थरथरीवर चालणाऱ्या जनित्राचे कुळ

गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतली स्प्रिंग सुटते आणि एक चिमुकला हातोडा सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटतो. त्या एका ठोक्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात, ठिणगी पडते. ना सेल, ना वायर.

दाबल्यावर वीज देणाऱ्या या ‘पायझो’ गुणाचा शोध १८८० साली पॅरिसमध्ये लागला. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलीन, एवढेच काय, उसाच्या साखरेचे स्फटिकही दाबून पाहिले आणि त्यांच्यावर विद्युतभार जमतो हे मोजून दाखवले. पिएर तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते.

थरथरीतून वीज काढणाऱ्या जनित्राच्या कुळाची ही एक शाखा. दुसरी शाखा सिलिकॉनची. चिप घडवण्यासाठी सिलिकॉन कोरायचे तंत्र हाताशी आलेच होते. त्याच तंत्राने केसाहून बारीक स्प्रिंगा आणि पट्ट्याही कोरता येतात, हे १९८२ मध्ये आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी एका शोधनिबंधात सविस्तर मांडले.

मग शेफिल्ड विद्यापीठातल्या विल्यम्स आणि येट्स यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर नेमका प्रश्न विचारला: यंत्रांची थरथर फुकट जाते, तिच्यातून वीज किती निघेल? त्यांनी स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाचे गणित मांडले. पाच मिलिमीटर लांब-रुंद आणि एक मिलिमीटर जाड जनित्रातून सेकंदाला ७० कंपनांना एक मायक्रोवॉट, तर ३३० कंपनांना शंभर मायक्रोवॉट. कंपने पाचपटीहून थोडी कमीच वाढली, पण वीज शंभरपट! पुढे सिलिकॉनच्या पट्टीवर पायझो पदार्थाचा पातळ थर देऊन दोन्ही शाखा एकत्र आल्या.

खरी अडचण मात्र सुराची. पट्टी आपल्या ठरलेल्या कंपनसंख्येलाच जोरात हलते. यंत्राचा वेग जरासा बदलला, की तिची वीज झपाट्याने घटते. आपल्याकडचा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला १०० कंपनांच्या स्वरात गुणगुणतो, तो स्वर फारसा ढळत नाही. अशा ठिकाणी ही पट्टी शोभते. वेग सतत बदलणाऱ्या गाडीत तिचे हाल होतात.

म्हणून या जनित्राने घरचे बिल कमी होईल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. त्याची जागा वेगळी आहे: वायर पोहोचत नाही आणि बॅटरी बदलायला माणूस जाऊ शकत नाही अशा बेअरिंगवर बसलेला सेन्सर. तिथे शंभर मायक्रोवॉटही मोलाचे असतात.