मदत कुणाच्या मर्जीची? अमेरिकी गव्हाचा इतिहास आणि आपला हक्क

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशी मदत देणारी संस्था संपली. अध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६१ साली, ती उभी राहिली होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला. पुढच्या सहा महिन्यांत बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. आफ्रिकेतील एचआयव्हीचे रुग्ण, छावण्यांतील निर्वासित, कुपोषित मुले यांच्यापैकी कुणालाही या निर्णयात मत नव्हते. त्यांना फक्त परिणाम भोगायचे होते.

यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो, साम्राज्यवादाचे हत्यार मोडले, बरे झाले. दुसरा गट म्हणतो, गरिबांचा वाली गेला. आम्हाला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पोटात गेलेला घास खराच असतो, त्याला नुसते हत्यार म्हणून उडवून लावता येत नाही. आणि जो एका सहीने निघून जातो, त्याला वाली म्हणता येत नाही. खरा प्रश्न असा आहे की मदतीचा लगाम कुणाच्या हातात असतो? तो समजून घ्यायचा तर अमेरिकी धान्याचा आपल्या उपखंडातील इतिहास पाहावा लागेल.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच देशात धान्याची मोठी टंचाई होती. १९५० च्या अखेरीस नेहरू सरकारने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर अनेक महिने काथ्याकूट चालला. नेहरूंचे अलिप्ततेचे धोरण अनेक सदस्यांना खुपत होते. काहींनी तर धान्याच्या बदल्यात भारताने मोनाझाइट वाळू द्यावी, असा आग्रह धरला, कारण त्या वाळूत अणुऊर्जेच्या कामाचे थोरियम असते. अखेर जून १९५१ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली, पण मदत मिळाली ती १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपात. भुकेल्याने हात पसरला की देणारा आधी त्याची झोळी तपासतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

याच वर्षी २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणावरही टीका केली. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी रुपये आपण लष्करावर खर्च करतो, कारण अडचणीच्या वेळी मदतीला धावून येईल असा मित्रच आपण ठेवलेला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे बाहेरून मदत घेणे बाबासाहेबांना निषिद्ध नव्हते, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. परदेशी मदत म्हणजे विटाळ, अशी भूमिका आंबेडकरी विचारात बसत नाही. मदतीचा विचार त्यांनी हिशोबाने केला, सोवळ्याने नाही.

१० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यावर सही केली. आपल्याकडे तो ‘पीएल ४८०’ या नावाने ओळखला गेला. त्याच्या उद्देशात काय होते? अमेरिकेच्या कोठारांत शेतमाल साचला होता, साठवणुकीचा खर्च वाढत होता आणि भाव पडू नयेत म्हणून सरकार तो विकत घेत होते. हा माल परदेशात खपवायचा, नव्या बाजारपेठा मिळवायच्या आणि परराष्ट्र धोरणाला बळ द्यायचे, असा तो कायदा होता. उपासमार हटवणे हेही त्यात होते, पण त्याच्या आधी अमेरिकी शेतकऱ्याचे हित होते. पुढे याच कायद्याला ‘शांततेसाठी अन्न’ असे गोंडस नाव मिळाले.

ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने या कायद्याखाली पहिला करार केला. मे १९६० मध्ये अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये मोठा करार केला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ येणार होता. हा गहू फुकट आला, असा समज आजही आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक धान्याची किंमत भारताने रुपयांत मोजली. डॉलर द्यावे लागले नाहीत, एवढीच सवलत होती. हे रुपये अमेरिकी सरकारच्या खात्यावर साचत गेले. त्यांतून वकिलातीचा खर्च भागला, भारतातील अमेरिकी कंपन्यांना कर्जे मिळाली आणि काही भाग भारत सरकारलाच विकासासाठी परत मिळाला. ही रक्कम इतकी फुगली की फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मोयनिहान यांनी भारत सरकारच्या नावे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश लिहून हिशोबाचा मोठा भाग मिटवला. त्या धनादेशाची नोंद गिनीज बुकात झाली.

आता या गव्हाची दुसरी बाजू पाहू. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे फसले. बिहारमध्ये परिस्थिती इतकी बिघडली की एप्रिल १९६७ मध्ये तिथल्या काही भागांत दुष्काळ जाहीर करावा लागला. १९६६ साली देशाने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. देशाचे हातावर पोट होते आणि हात दुसऱ्याचा होता. नेमक्या याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी कित्येक वर्षांचे करार थांबवून थोडे थोडे, महिन्यापुरते धान्य सोडायला सुरुवात केली. जनावर लांब चरायला जाऊ नये म्हणून दावे आखूड करतात, तसे हे ‘आखूड दाव्याचे’ धोरण होते. पुढचे जहाज सोडायचे की नाही, हे खुद्द अध्यक्ष ठरवत.

दावे आखूड करण्याचे एक कारण सांगितले गेले ते शेती सुधारण्याचे. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकी कृषिमंत्री फ्रीमन यांच्यात तसा समझोताही झाला. दुसरे कारण उघड राजकीय होते. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर भारत टीका करत होता, ती जॉन्सन यांना झोंबत होती. ६ जून १९६६ रोजी अमेरिका आणि जागतिक बँकेच्या दबावाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांचा झाला. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत सोव्हिएत नेत्यांसोबतच्या संयुक्त पत्रकात बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली आणि वॉशिंग्टन आणखी बिथरले. धान्य थांबले नाही, पण ते तिष्ठत ठेवून सोडले गेले.

या गव्हाने लाखो लोक जगले, हे आम्ही नाकारत नाही. पण करार दोन सरकारांमध्ये होता. त्या टेबलावर बिहारचा मुसहर मजूर कुठे होता? त्या काळची रेशन व्यवस्था मुख्यतः शहरांसाठी होती. गावकुसाबाहेरच्या भूमिहीनाच्या नावे ना जमीन होती, ना हमीचे काम. परदेशी मदतीला दोन दारे असतात. पहिल्या दारात देणारा देश उभा असतो, दुसऱ्या दारात गावचा सरंजाम. पहिल्या दारावरच्या अपमानाबद्दल आपले राष्ट्रवादी इतिहासकार पानेच्या पाने लिहितात. दुसऱ्या दाराबद्दल मात्र अवाक्षर नसते.

या धोरणाचे सर्वांत क्रूर रूप शेजारच्या बांगलादेशात दिसले. १९७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रह्मपुत्रेला महापूर आला. तांदळाचे भाव भडकले, शेतमजुरांचे काम गेले. त्याच वर्षी बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली होती. क्युबाशी व्यापार करणाऱ्या देशाला पीएल ४८० चे धान्य देता येत नाही, असा नियम पुढे करून अमेरिकेने धान्य अडवले. तागाची पोती विकून चार पैसे मिळवणाऱ्या नवजात देशाला ती विक्री बंद करावी लागली. त्यानंतर धान्य सुटले, पण ते पोहोचेपर्यंत दुष्काळाचा ऐन तडाखा होऊन गेला होता. सरकारी आकडा सुमारे २६ हजार मृत्यूंचा आहे. इतर अंदाज त्याच्या कित्येक पटींनी मोठे आहेत. त्याच सुमारास याच ‘शांततेसाठी अन्न’ योजनेचा मोठा वाटा युद्धात गुंतलेल्या दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियाच्या सरकारांकडे चालला होता.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की १९७४ साली बांगलादेशात दरडोई धान्याची उपलब्धता आसपासच्या वर्षांपेक्षा जास्तच होती. तरी माणसे मेली, कारण मरणाऱ्यांच्या हातात धान्य विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. सर्वांत जास्त मेले ते ग्रामीण मजूर. म्हणजे अमेरिकेने धान्य अडवले हा गुन्हा होताच, पण देशात असलेले धान्यही मजुरापर्यंत पोहोचत नव्हते. त्याच्याकडे कायद्याने मागण्यासारखे काहीच नव्हते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी भोगला. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि वाटपाची सुकडी यांच्या आठवणी आजही खेड्यापाड्यांत निघतात. पण त्या दुष्काळात लोकांना तारले ते मुख्यतः कामाने. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. लोकांनी मोर्चे काढले, घेराव घातले, काम मागितले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या योजनेला त्यातून बळ मिळाले. १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून पैशाची सोय झाली. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कायद्याने सांगता आले की काम द्या, नाहीतर भत्ता द्या. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. या योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली, खोटी हजेरीपत्रके निघाली. तरीही भांडायला कायदा होता. मिलोसाठी कुणावर दावा लावणार होतो?

दान आणि हक्क यांतला हा फरक बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपले लोक चवदार तळ्यावर गेले, ते कुणी ओंजळीत पाणी घालावे म्हणून गेले नव्हते. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना पत्र लिहिले. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने नागरी हक्कांचा लढा हाती घ्यावा, असे त्यांनी सुचवले. संघाने दवाखाने, शिष्यवृत्त्या, विहिरी असा सेवेचा मार्ग निवडला. अस्पृश्यांना कार्यकारिणीत जागा मागितली गेली, तेव्हा गांधींचे उत्तर होते की हा संघ स्पृश्यांच्या प्रायश्चित्ताचा आहे. म्हणजे मदत आमच्यासाठी, पण मदतीचा कारभार आमच्या हाती नाही! १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या व्यवहाराची चिरफाड केली. वॉशिंग्टनचा गहू आणि संघाची सेवा यांच्यात हेतूंचा फरक असेल, पण घेणाऱ्याला कारभारात जागा नाही, ही रचना दोन्हीकडे एकच आहे.

आणि आपले सरकार याला अपवाद आहे का? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि उलट श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे नौदलाची जहाजे पाठवली. देणारा देश म्हणून भारताची मान उंचावली. पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना छावण्यांत वेगळे ठेवले गेले, पाण्याच्या टाक्यांपासून दूर सारले गेले, याच्या नोंदी मानवाधिकार संघटनांनी केल्या. पहिले दार स्वाभिमानाने बंद झाले, दुसऱ्या दारावरचा पहारेकरी तोच राहिला. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो झळकले. पीएल ४८० च्या पोत्यांवर हातात हात दिलेले चित्र आणि ‘अमेरिकी जनतेकडून भेट’ असा मजकूर असे. पोते बदलले, छापण्याची हौस बदलली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपत्तीत मिळेल तिथून मदत घ्या, उपाशी माणसाला तत्त्वज्ञान ऐकवू नका. पण त्याच दिवशी तीन गोष्टी मागा. वाटपाची यादी जाहीर करा, यादी करणाऱ्या समितीत वस्तीतली माणसे, विशेषतः बाया, घ्या, आणि जे मिळते ते कोणत्या कायद्याने किंवा शासन निर्णयाने मिळते ते लेखी द्या. मदतीची गाडी निघून गेल्यावर हातात उरतो तो हा कागद. पुढच्या वेळी मागणी करायला तोच उपयोगी पडतो.

वॉशिंग्टनमध्ये एका सहीने दवाखाने बंद पडू शकतात, मग मुंबई-दिल्लीतल्या सहीने आपली शिष्यवृत्ती आणि आपले रेशन का थांबणार नाही? थांबलेच तर आपल्या हातात काय असेल, विनंती अर्ज की कायद्याचे कलम? याचे उत्तर संघटनेनेच तयार ठेवायचे आहे.

जय भीम.