सेक्टर साइज म्हणजे काय? व्हर्च्युअल डिस्क अचानक 'रिकामी' का दिसते?

कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. या मशीनची हार्ड डिस्क म्हणजे मूळ कॉम्प्युटरवरची एक मोठी फाइल असते. ही फाइल दुसऱ्या सिस्टीमवर नेली किंवा खऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली, की कधी कधी डिस्क रिकामी दिसते आणि ती फॉरमॅट करण्याची सूचना येते. अशा वेळी डेटा गेला असेलच असे नाही. कदाचित फक्त सेक्टरचा आकार बदललेला असतो.

सेक्टर म्हणजे काय?

डिस्क एकेक बाइट वाचत नाही, ठराविक आकाराचा तुकडा एकदम वाचते किंवा लिहिते. हा तुकडा म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरला ० पासून क्रमांक असतो. हार्ड डिस्कमध्ये अनेक दशके ५१२ बाइटचा सेक्टर चालत आला. डेटा सीडीवर तो २०४८ बाइटचा असतो.

४०९६ बाइटचे सेक्टर का आले?

प्रत्येक सेक्टरसोबत चुका दुरुस्त करण्याची माहितीही साठवावी लागते. आठ छोट्या सेक्टरऐवजी एक मोठा केला, की जागा वाचते आणि दुरुस्तीही चांगली होते. म्हणून उत्पादकांनी 'अॅडव्हान्स्ड फॉरमॅट' स्वीकारला. आता डिस्कचे तीन प्रकार दिसतात:

• ५१२ नेटिव्ह: आत आणि बाहेर दोन्हीकडे ५१२.
• ५१२-ई: आत ४०९६, पण सिस्टीमला सांगताना ५१२.
• ४के नेटिव्ह: दोन्हीकडे ४०९६.

आतल्या आकाराला फिजिकल, तर सिस्टीमला सांगितलेल्या आकाराला लॉजिकल सेक्टर म्हणतात. ५१२-ई डिस्कवर फक्त ५१२ बाइट लिहायचे असले, तरी ४०९६ बाइट वाचून, त्यात बदल करून पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे वेग कमी होतो. विंडोज एक्सपीमध्ये पहिले पार्टिशन सहसा सेक्टर ६३ पासून सुरू होई. ६३ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून अशा डिस्कवर ते संथ चाले. व्हिस्टापासून सुरुवात १ एमबीवर, म्हणजे सेक्टर २०४८ वर आली.

व्हर्च्युअल डिस्कचे काय?

फाइलमध्ये खरे सेक्टर नसतात. सॉफ्टवेअर सांगेल तोच आकार. मायक्रोसॉफ्टचा जुना व्हीएचडी प्रकार ५१२ वरच चालतो. विंडोज सर्व्हर २०१२ सोबत आलेल्या व्हीएचडीएक्समध्ये ४०९६ चा लॉजिकल सेक्टरही ठेवता येतो. क्यूईएमयूमध्ये लॉजिकल आणि फिजिकल आकार वेगवेगळे ठरवता येतात. लिनक्समध्ये फाइल डिस्कसारखी जोडणाऱ्या 'लोसेटअप' कमांडलाही सेक्टरचा आकार सांगता येतो.

गडबड नेमकी कुठे होते?

डिस्कवर कोणते पार्टिशन कुठे आहे, याची यादी म्हणजे पार्टिशन टेबल. आजच्या जीपीटी पद्धतीत या टेबलचे मुख्य पान सेक्टर १ मध्ये असते. ५१२ च्या हिशेबाने सेक्टर १ सुरू होतो ५१२ व्या बाइटवर, तर ४०९६ च्या हिशेबाने ४०९६ व्या बाइटवर. ५१२ वर तयार केलेली डिस्क ४०९६ म्हणून जोडली, तर सिस्टीम भलत्याच जागी शोधते. तिथे टेबल सापडत नाही आणि डिस्क कोरी वाटते. घर जागेवरच असते, पत्ता मोजण्याची पट्टी तेवढी बदललेली असते.

अशा वेळी काय करावे?

• फॉरमॅटची सूचना आली तर 'हो' म्हणू नये. नवे टेबल लिहिले गेले, तर जुना डेटा परत मिळवणे अवघड होते.
• डिस्क तयार करताना लॉजिकल सेक्टर किती होता ते तपासून, त्याच आकाराने ती पुन्हा जोडावी.
• कायमचा आकार बदलायचा असेल, तर नवी डिस्क तयार करून तिच्यावर पार्टिशन करावे आणि फाइल्स कॉपी कराव्यात. पूर्ण इमेज जशीच्या तशी उतरवू नये.
• जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ५१२ हाच सुरक्षित पर्याय. ४के नेटिव्ह डिस्कवरून विंडोज सुरू करायला विंडोज ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती आणि यूईएफआय लागते.