घोट जातो कुठे?

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून एक घोट पाणी गिळून पाहा. कंठमणी वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. या सेकंदभरात आपला श्वास थांबलेला असतो. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकच असल्यामुळे घोट जाईपर्यंत हवेची वाट बंद ठेवावी लागते. वर्गात आपण सांगतो, की श्वासनलिकेवर एक झाकण पडते. पण फ्रान्समधील फ्रांस्वा माजांदी यांनी हे झाकण काढलेले कुत्रेही गिळू शकतात, असे १८१३ साली दाखवले. म्हणजे रक्षण एकट्या झाकणावर अवलंबून नाही. स्वरयंत्र वर सरकते आणि स्वरतंतूंमधील फटही मिटते.

हे सारे डोळ्यांआड घडते. मग एखाद्याचे गिळणे बिघडले, तर नेमके काय चुकते हे कळावे कसे?

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन याला प्राध्यापक बाउडिच यांनी एक काम सुचवले : या किरणांनी गिळणे पाहता येईल का? डिसेंबर १८९६ मध्ये कॅनन आणि त्याचा सहाध्यायी अल्बर्ट मोझर यांनी कुत्र्याने गिळलेले एक बटण पडद्यावर सरकताना पाहिले. मग लांब मानेचा हंस आणला. मान ताठ राहावी म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याची उंच कॉलर बसवली, आणि सावली दिसावी म्हणून खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला.

त्या वेळी एक वाद चालू होता. क्रोनेकर आणि मेल्ट्झर यांचे म्हणणे असे, की तोंडाचे स्नायू द्रवाला पिचकारीसारखे खाली फेकतात. अन्ननलिकेची लाट मागाहून येते. कॅनन-मोझर यांनी १८९८ मध्ये दिलेले उत्तर असे, की कोण गिळतो आणि काय गिळतो यावर ते अवलंबून आहे. हंसात सारे काही लाटेनेच हळूहळू सरकते. माणसात पाणी झटकन जाते, घट्ट घास मात्र लाटेने जातो. क्ष-किरणांचे धोके तेव्हा पुरते ठाऊक नव्हते; कॅनन यांना पुढे त्वचेच्या विकाराच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागली.

विषबाधेच्या घटनांमुळे बिस्मथची जागा १९१०च्या सुमारास बेरियम सल्फेटने घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते निरुपद्रवीपणे बाहेर पडते. रसायनाच्या तासाला सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

तरी बराच काळ ही तपासणी मुख्यतः अन्ननलिकेसाठी होती. रुग्ण पेलाभर बेरियम पिई आणि डॉक्टर कुठे गाठ किंवा अरुंदपणा आहे का ते पाहत. पक्षाघात झालेल्यांची अडचण वर, घशात असते. त्यांना पेलाभर देणे धोक्याचे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वाचा-उपचारतज्ज्ञ जेरी लोगेमन यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात वेगळी पद्धत मांडली. अगदी लहान घोटापासून सुरुवात करायची. द्रव, मऊ पदार्थ आणि बेरियम लावलेले बिस्किट द्यायचे, आणि चलच्चित्र घ्यायचे. घोट चुकला तर हनुवटी खाली घेऊन किंवा पदार्थ दाट करून तिथेच पुन्हा पाहायचे. तपासणी आणि उपचार यांची अशी सांगड पडली.

या चित्रांत एक गोष्ट ठळकपणे दिसली : काहींच्या श्वासनलिकेत घोट शिरतो, पण ठसकाच लागत नाही. ठसका नाही म्हणजे सारे ठीक, हा आपला समज चुकीचा ठरला. १९८८ मध्ये सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून लवचीक दुर्बीण घालून खाटेपाशीच घसा पाहण्याची रीत मांडली. तिला क्ष-किरण लागत नाहीत. मात्र ऐन गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीभोवती आवळला जाऊन दृश्य पांढरे होते!

पण दिसले ते दुरुस्त केले, की रुग्ण बरा झाला का? कंपवात व स्मृतिभ्रंशाच्या ७११ रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत मधाइतका दाट द्रव सर्वांत कमी वेळा श्वासनलिकेत गेला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ५१५ जणांवर तीन महिने ठेवलेल्या देखरेखीचे निष्कर्षही आले. न्यूमोनियात निश्चित फरक आढळला नाही. उलट दाट द्रव घेणाऱ्यांत शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण अधिक दिसले. लँगमोर यांनी १९९८ मध्येच १८९ वृद्धांच्या पाहणीतून दाखवले होते, की केवळ गिळण्याची अडचण न्यूमोनियाला पुरेशी नसते. दुसऱ्याच्या हाताने भरवून घ्यावे लागणे, तोंडाची स्वच्छता परस्वाधीन असणे आणि किडके दात या गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरल्या.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा नव्हे. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होत असेल तर तज्ज्ञांना दाखवायलाच हवे; मनानेच पाणी दाट करू नये. पण भरवणारा हात आपल्या घरातला असतो. आजोबांना उठवून बसवणे, लहान घास देणे आणि जेवणानंतर तोंड स्वच्छ करणे एवढे आपल्याला जमते. पुढचा घास उचलण्याआधी त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली आला का, हे पाहायला क्ष-किरण लागत नाहीत.