धाब्याची माती

जामनेरजवळच्या पहूर पेठेत किंवा कसब्यात जुने घर विकायला निघाले, की गिऱ्हाईक बहुधा चौकट पाहते, खांबाला बोटांनी वाजवून सागवानाची खात्री करते आणि किमतीवर येते. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढायचे राहून जाते. पण या भागातल्या जुन्या घराची किंमत वरच ठरते. धाबे एकदा बांधून कधीच संपले नाही. ते दरसाल करायचे काम होते. त्यामुळे धाबे किती वर्षांचे, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याच्यावर शेवटची माती कधी पडली आणि ती टाकताना जुनी खरवडून काढली होती का, हे विचारायला हवे.

रचना साधी आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचन, त्यावर कडुनिंबाचा पाला किंवा तुरीच्या काड्या, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. शेतातली काळी माती इथे चालत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून थेट घरात उतरतो. पांढरीतल्या खारामुळे मातीचे बारीक कण ओले होताच सुटतात आणि छिद्रे बुजवतात. ही माती यायची जुन्या वस्तीच्या टेकाडातून, पडक्या गढीतून. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंती मुरून ती तयार झालेली. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणण्याची रीत याच फरकावर उभी आहे. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ इथे १९५० नंतरच्या दशकात उत्खनने झाली, ती अशाच पांढरीच्या टेकाडांवर. धाब्यासाठी माती नेता नेता अशी किती टेकाडे खचली असतील, याची हळहळ वाटते.

दरसाल जुनी माती खरवडून नवी चोपण्याची रीत मोडायला अनेक कारणे झाली. रेल्वेने पन्हाळी पत्रे आणि मंगलोरी कौले स्वस्तात दूरवर पोचवली. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी १९१८-१९च्या सुमारास पहूरवरून धावू लागली. पुढे गढ्या संपल्या, माणसे शहरात गेली, चोपणारे हात उरले नाहीत. मग सोपा मार्ग निघाला: गळते तिथे नवी माती टाका, जुनी राहू द्या. धाब्याचा खरा घात इथे झाला. दहा फूट लांब-रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-पाच टन वजन. त्यावर आणखी वीतभर चढली, की भिंतीत ओल धरून कुजलेली सऱ्यांची तोंडे ते किती दिवस पेलणार?

यावर किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण पुढे येते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मातीच्या माळवदांखाली, म्हणजे तिकडच्या धाब्यांखाली, हजारो माणसे गाडली गेली. असली छपरे ठेवूच नयेत, असे म्हणणारे तेव्हापासून बरेच आहेत. आक्षेप गंभीर आहे आणि वजनाबद्दल तो खराच आहे. पण तिथे आधी ढासळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती. जिथे खणांचा लाकडी सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती पडूनही छप्पर खांबांवर तगल्याची उदाहरणे भूकंपानंतरच्या पाहणीत आढळली. तेव्हा भार लाकडावर आहे की भिंतीवर, हे आधी पाहावे आणि भिंतीवर असेल तर ते घर सोडावे. पत्रा टाकला की प्रश्न मिटतो, हेही मला पटत नाही. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.

घर घेण्याआधी धाब्यावर चढावे; मातीची जाडी कडेला उघडी दिसते. भिंतीत खालच्या अंगाला बुजवलेले जुने पन्हाळे दिसले, तर माती चढत गेल्यामुळे ते वर सरकवावे लागले, असे समजावे. सऱ्यांच्या तोंडांत सुया टोचून पाहावे, वाळवीच्या नळ्या शोधाव्यात, तुळईखाली दोरी ताणून झोळ मोजावा. आतून सगळीकडे धुराने काळवंडलेले किलचन असेल तर घाबरू नये. एकाच कोपऱ्यात ताजा चुना दिसला तर मात्र त्यामागे ओल आहे का, ते पाहावे. सौदा वैशाखात ठरला असेल, तर इसार देऊन थांबावे आणि पावसाच्या दोन झडी त्या धाब्यावरून जाऊ द्याव्यात.