इंजिनाचा श्वास

पेट्रोल इंजिनाची शक्ती कशावर अवलंबून असते, असे वर्गात विचारले तर बहुधा उत्तर येते, 'पेट्रोलवर'. खरी अडचण असते हवेची. पेट्रोल जास्त सोडणे सोपे. पण ते जाळण्यासाठी लागणारी हवा सेकंदाच्या अगदी लहान अंशात सिलिंडरमध्ये भरावी लागते. हे काम सिलिंडरच्या माथ्यावरील 'हेड'चे. जॅग्वार मोटारींच्या इतिहासात हे आपल्याला स्पष्ट दिसते.

इंग्लंडमधील विल्यम लायन्स यांच्या एस. एस. मोटारींचे २६६३ घन सें.मी.चे इंजिन सुमारे ७० अश्वशक्ती देत असे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. हवेला वळसा घ्यावा लागे. १९३५ मध्ये हॅरी वेस्लेक यांनी झडपा दट्ट्याच्या वर आणणारे हेड तयार केले. इंजिनाचे आकारमान तेच राहिले, शक्ती मात्र शंभराच्या पुढे गेली!

१९४८ मध्ये जॅग्वारचे एक्सके इंजिन आले. ३४४२ घन सें.मी., अर्धगोलाकार ज्वलनकक्ष, १६० अश्वशक्ती. पुढे शर्यतीच्या सी-टाईप मोटारीसाठी त्याच्या हेडमध्ये बदल झाले. बाहेर सोडणाऱ्या झडपेचा व्यास ३६.५ वरून सुमारे ४१ मि.मी. झाला, हवा आत नेणारे मार्गही रुंद झाले. १९५१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत या मोटारीने जिंकली.

मग रस्त्यावरील मोटारीलाही हेच हेड सर्वांत चांगले का? इथे विज्ञान आपल्याला थांबवते. मार्ग रुंद असला की इंजिन सावकाश फिरत असताना त्यातील हवेचा वेग कमी पडतो. वेगवान हवा मात्र आपल्या संवेगामुळे दट्ट्या वर येऊ लागल्यावरही आत घुसत राहते. म्हणून पन्नाशीच्या उत्तरार्धात जॅग्वारने 'बी-टाईप' हेड काढले. झडपा सी-टाईपएवढ्या, पण हवेचे मार्ग पुन्हा अरुंद. कमाल शक्ती दोन्हींची २१० अश्वशक्तीच. परंतु सर्वाधिक टॉर्क मिनिटाला ४००० ऐवजी ३००० फेऱ्यांनाच मिळू लागला. रोजच्या रहदारीत उपयोगी पडतो तो हाच.

आजही जुन्या जॅग्वारची दुरुस्ती करणाऱ्यांपुढे हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यात नाही. गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालणार, हे आधी विचारावे लागते. संवेगाचा धडा शिकवताना हे उदाहरण आपण जरूर द्यावे.