खर्डा, गव्हर्नर आणि पाच रुपयांचा बोल्ट

मंडळी, मागच्या विकांताला खर्ड्याला जाऊन आलो. जामखेडच्या पुढचं खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठ्यांनी निजामाला हरवलं, आणि निजाम अलीला गावातल्या छोट्या भुईकोटात आसरा घेऊन शेवटी तह करावा लागला, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. पण आजचा विषय लढाई नाही. विषय आहे वाटेत संप पुकारलेला माझा क्रूझ कंट्रोल!

गाडी जुनी, सेकंड हॅंड. नगर सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, साठवर बटण दाबलं. ढिम्म! निदान लगेच केलं: स्पीड सेन्सर गेला, नाहीतर कंट्रोलर. (सॉफ्टवेअरवाल्याला दुसऱ्याचंच काहीतरी बिघडलेलं दिसतं.)

गंमत बघा, या यंत्राचा आजोबा खर्ड्याच्या लढाईच्या वेळी जेमतेम सात वर्षांचा होता. १७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला. इंजिनाबरोबर फिरणारे दोन जड गोळे. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग उतरला की गोळे खाली येतात, झडप उघडते. कल्पना मूळची पवनचक्क्यांतली. पण कधी कधी इंजिन एका वेगावर ठरायचंच नाही, नुसतं वर-खाली होत राहायचं. त्याचं गणित १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने मांडलं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला आपण ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो विषय इथून वाढला.

मोटारीत हे आणलं अमेरिकेतल्या राल्फ टीटरने. लहानपणीच अपघातात दृष्टी गेली, तरी पठ्ठ्या इंजिनिअर झाला. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. त्या हिसक्यांना वैतागून टीटर कामाला लागला. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ते आलं.

तर, चहाला थांबलो तेव्हा मागून आलेला ट्रकवाला म्हणाला, "ओ दादा, तुमची ब्रेक लाईट सारखी पेटतीय. तुम्ही खरा ब्रेक मारला तर मागच्याला कळायचं कसं?"

पोटात गोळाच आला. अंधारात, उसाच्या ट्रॉल्यांमागे मी कितीदा कचकन ब्रेक दाबले असतील!

जामखेडला मेकॅनिकने पेडलखाली डोकं घातलं आणि हातावर प्लॅस्टिकचा चुरा ठेवला. पेडलवर एक छोटं बूच असतं. पाय काढला की ते ब्रेकचा स्विच आत दाबून धरतं. जुनं होऊन त्याचा भुगा झाला, स्विच मोकळा सुटला, आणि गाडीला वाटत राहिलं की ब्रेक दाबलेलाच आहे. ब्रेकवर पाय असताना क्रूझ लागत नाही, लागूही नये. म्हणजे सेन्सर, कंट्रोलर सगळे ठणठणीत. मी ज्याला बिघाड समजत होतो तो बिचारा इमानदारीत नकार देत होता. बुचाच्या भोकात पाच रुपयांचा नट-बोल्ट बसवला, दिवे विझले. पुढे खर्ड्यापर्यंत क्रूझ मस्त चालला. (नवं बूच पुण्याला आल्यावर टाकलं.)

किल्ल्याबद्दल पुढच्या विकांताला लिहितो. तोवर एक काम करा. आज रात्री पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि ब्रेक दाबून-सोडून भिंतीवरचा लाल उजेड बघा. दाबल्यावर पेटला पाहिजे, आणि सोडल्यावर विझलाही पाहिजे.